वाटेत असलेले अंक

इंदूरला रामबागेत आमचे जुने घर होते. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली, की पश्चिमेला बिजासनच्या टेकडीच्या बाजूला उतरणाऱ्या विमानाचे दिवे तिथून दिसत. ते विमान मुंबईहून येते की दिल्लीहून, हे कळण्याचा आम्हाला काही मार्ग नव्हता. पण आम्ही ते मुंबईचेच ठरवून टाकले होते, कारण आमच्या घरात बाहेरून जे काही येई ते मुंबईहूनच येई. १९७८ च्या मे महिन्यात, मी दहा वर्षांचा आणि दादा पंधरा वर्षांचा असताना, एका रात्री ते दिवे दिसले नाहीत. विमान रद्द झाले असेल, किंवा आम्ही खाली जेवत असताना उतरूनही गेले असेल. दादाने मात्र उशीवर कोपर टेकवून जाहीर केले, की विमान मुंबईहून वेळेवर निघाले आहे, सातपुड्यापर्यंत ठीक आले आहे आणि तिथल्या ढगात शिरल्यावर ते काळात हरवले आहे.

ही गोष्ट शाळा उघडेपर्यंत रोज रात्री चालली आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांतही चालली. पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो, तीस वर्षे ते शिकवले, आणि काळात हरवलेल्या विमानांच्या गोष्टी वेगवेगळ्या भाषांत वाचल्या. त्यांचा साचा बहुतेक एकच असतो. विमान एखाद्या विचित्र ढगात किंवा अचानक वाढलेल्या वाऱ्यात सापडते, एक जबर हिसका बसतो, मग सगळे शांत होते, रेडिओवर कोणी उत्तर देत नाही, आणि ढगांच्या खाली आल्यावर जमीन ओळखीची असते पण तिच्यावरचे शहर नाहीसे झालेले असते. माझ्या मते या गोष्टींतला खरा थरार त्या बदललेल्या जमिनीत नसून इंधनाच्या काट्यात आहे. वाट चुकलेले जहाज नांगर टाकून थांबू शकते, बैलांचा तांडा झाडाखाली मुक्काम करू शकतो, पण हवेतल्या विमानाला थांबणे माहीत नाही. वैमानिकाच्या मनगटावरचे घड्याळ, दिनदर्शिका, खालचे राज्य, सगळे खोटे ठरले तरी टाकीतले इंधन मात्र खऱ्या वेळेप्रमाणे कमी होत राहते. दादाला हे तेव्हाच कळलेले होते. प्रत्येक रात्री गोष्ट सुरू करताना तो आधी किती इंधन उरले आहे ते सांगत असे, आणि इतक्या रात्री गोष्ट लांबूनही ते कधी पुरते संपत नसे, याकडे आम्ही दुर्लक्ष करत असू.

दादाच्या वैमानिकाने दिशा शोधण्यासाठी जो उपाय केला तो माळव्यातल्या माणसालाच सुचला असता. त्याने विमान मागे दक्षिणेला वळवले आणि नर्मदा शोधली. मुंबईहून इंदूरला येताना आधी सातपुडा लागतो, मग नर्मदेचे खोरे, मग विंध्याची कड, आणि ती चढून आले की माळव्याचे पठार. दादाचे म्हणणे असे, की शहरे येतात-जातात, राज्ये येतात-जातात, पण नर्मदा कोणत्याही शतकात त्याच जागी असणार. तेव्हा ती सापडली की निदान आपण कुठे आहोत हे कळले, मग आपण केव्हा आहोत हे बघता येईल. पंधराव्या वर्षी सुचलेला हा युक्तिवाद चांगलाच म्हटला पाहिजे, जरी तो सर्व काळांना लागू पडत नसला तरी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याची नोंद आहे. ती घातली गेली तेव्हा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी, आजच्या रूपातली नर्मदा तिथे नव्हती, आणि माळव्याचे पठार ज्या लाव्हाचे बनले आहे तो अजून थिजायचा होता. त्या जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक असली गोल अश्मे शेतात सापडली की त्यांना काकड भैरव म्हणून पूजत असत, हे त्याच वर्षी वर्तमानपत्रांत वाचले तेव्हा मी दादाला कळवले, की तुझे विमान उगाच जवळच्या काळात थांबले, थोडे पुढे रेटले असतेस तर भैरवाचे आईबाप दिसले असते.

कारण दादाचे विमान फार मागे गेले नव्हते. नर्मदेच्या काठाने जाताना प्रवाशांना रात्री महेश्वरच्या घाटावर तेलाचे दिवे दिसले, आणि ते पाहून वैमानिकाने ताडले, की आपण अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ च्या दरम्यान कुठेतरी आहोत. इथपर्यंत ठीक होते. पण विमान उतरवायचे कुठे, हा प्रश्न आला तेव्हा आजी मध्ये पडली. आजीचे माहेर देवासकडचे, शेतीवाल्यांचे. अंगणात रातांब्याच्या साली निवडत ती खालूनच ऐकत होती. तिने वर तोंड करून विचारले, "महिना कुठला आहे तुझ्या गोष्टीत?" दादाने घाईत श्रावण सांगितला. "मग बस बोंबलत," आजी म्हणाली, "काळ्या जमिनीत श्रावणात रिकामी बैलगाडी रुतते, तुझं विमान काय उतरतंय!" दुसऱ्या रात्री दादाने महिना बदलून वैशाख केला, तर आजी म्हणाली, की वैशाखात त्याच जमिनीला हात-हातभर भेगा पडतात. शेवटी दादाने विमान घिरट्याच घालत ठेवले.

आजोबांची हरकत निराळी होती. आजोबा तरुणपणी होळकर संस्थानाच्या दफ्तरात कारकून होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि त्यांची बदली दुसऱ्या खात्यात झाली, पण मोडी लिपीवरचा त्यांचा हात शेवटपर्यंत गेला नाही. दादाच्या गोष्टीत महेश्वरच्या किल्ल्यावरून एक स्वार चिठ्ठी घेऊन येतो, असा प्रसंग होता (विमान हवेत असताना चिठ्ठी आत कशी आली, हे विचारायचे नव्हते). आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले, "तुझ्या वैमानिकाला मोडी येतं का? नाहीतर ती चिठ्ठी तो वाचणार कशी?" दादा गप्प झाला. विमानात बसलेली सगळी माणसे मराठी असूनही, दोनशे वर्षांमागच्या मराठीतली एक साधी चिठ्ठी त्यांच्यापैकी कोणालाच वाचता येणार नव्हती. थोडा विचार करून दादाने सांगितले, की खिडकीशेजारच्या अकरा नंबरच्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ आहेत, इंदूरचेच, आणि त्यांना मोडी येते. अशा रीतीने आजोबा त्या विमानात बसले. त्यांना ते आवडले असावे. कारण त्यानंतर गोष्टीच्या वेळी ते आरामखुर्ची जिन्याच्या जवळ ओढून घेत.

आजोबा प्रत्यक्षात विमानात कधी बसले नाहीत. पण काळात हरवण्याचा सराव त्या घरात त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. त्यांच्याकडे मुंबईचे एक मराठी दैनिक टपालाने येत असे. भुऱ्या कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला तो अंक, वर शाईने लिहिलेला पत्ता, आणि आत परवाची तारीख. एखादेवेळी दोन अंक एकदम येत, एखादेवेळी चार दिवस काहीच येत नसे. इंदुरात त्या दिवशीची हिंदी वर्तमानपत्रे सकाळी दारात पडत, मराठी बातम्या रेडिओवर लागत. आजोबा दोन्ही टाळत. त्यांचे म्हणणे असे, की बातमी क्रमाने वाचली पाहिजे. मंगळवारचा अंक सोमवारच्या आधी आला तर तो ते पट्टी न फोडता फडताळात ठेवत आणि सोमवारची वाट पाहत. मार्च १९७७ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या तेव्हा सगळ्या गल्लीत रात्रभर आरडाओरडा चालू होता आणि समोरचे भिया आजोबांना मुद्दाम ओसरीवर येऊन सांगून गेले. आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, "येईल, अंक येईल." आमच्या घरात त्या आणखी तीन दिवस निवडून येण्याच्या वाटेवर राहिल्या.

लहानपणी आम्हाला याचे हसू येई. नंतर कळले, की पंचांगाच्या बाबतीतही ते असेच काटेकोर होते, आणि तिथे त्यांचे बरोबर होते. मराठी पंचांगातली सूर्योदयाची वेळ मुंबईची असे. इंदूर मुंबईपासून सुमारे तीन रेखांश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे पडतात, म्हणून आजोबा समासात पेन्सिलीने उणे बारा असे लिहून ठेवत. घड्याळातली वेळ तर मुंबईचीही नाही आणि आमचीही नाही. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे, त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमचा सूर्य माथ्यावर यायला साधारण सत्तावीस मिनिटे बाकी असतात. मुंबईने स्वतःची निराळी वेळ १९५५ पर्यंत सांभाळली. आणि गंमत अशी, की आमच्यापासून पंचावन्न किलोमीटरवर असलेले उज्जैन हे भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखांशाचे गाव. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र या रेषेवरून एके काळी सगळ्या देशाची वेळ मोजली जाई. इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. ज्या रेषेवर शून्य होते तिथल्या माणसाला आता सत्तावीस मिनिटांची तूट सोसून जगावे लागते.

आजीने दादाची गोष्ट नवी मानलीच नाही. "ही तर रेवतीची गोष्ट," असे तिने दुसऱ्याच रात्री सांगून टाकले. भागवतात ककुद्मी नावाचा राजा आपल्या रेवती या मुलीला घेऊन, तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणे चाललेले असते म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणे संपल्यावर वरांची नावे सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसून म्हणतो, की तू थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली, ती माणसे, त्यांचे मुलगे, नातू, त्यांची नावेसुद्धा आता ऐकू येत नाहीत. मग रेवती बलरामाला दिली जाते. आजीला या गोष्टीत ब्रह्मदेवाचे किंवा कालगणनेचे कौतुक नव्हते. तिला एकच प्रश्न पडे, आणि तो तिने दादालाही विचारला. "राजा गेला, मुलगी गेली. घरी त्याची बायको असेल की नाही? ती किती दिवस दाराशी येऊन बघत असेल? आणि तुझ्या विमानातल्या माणसांना आणायला जी विमानतळावर आली आहेत, डबे घेऊन, त्यांना कोण काय सांगतंय?"

दादाकडे याचे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर या जातीच्या बहुतेक लेखकांकडे ते नसते. गोष्ट नेहमी विमानाच्या आतून सांगितली जाते. आत बसलेल्यांचा फक्त एक तास जातो. काळ जातो तो खाली उभ्या असलेल्यांचा.

निदान भविष्यात जाण्यापुरते तरी हे सगळे कल्पनेतले नाही. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये जोसेफ हाफेल आणि रिचर्ड कीटिंग या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिझियमची चार अणुघड्याळे साध्या प्रवासी विमानांतून, चक्क तिकिटे काढून, पृथ्वीभोवती फिरवून आणली. एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. परत आल्यावर वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ती ताडून पाहिली, तेव्हा पूर्वेकडून आलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडून आलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते आणि उंचावरचे घड्याळ जलद चालते, ही आइन्स्टाइनची दोन्ही भाकिते तिथे एकमेकांत मिसळलेली असतात, शिवाय पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरत असल्यामुळे दिशेप्रमाणे बेरीज बदलते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, त्यामुळे विमानतळावर डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाची यात फारशी गैरसोय होत नाही. पण तत्त्वतः त्या दिवशी विमानातून उतरलेले प्रत्येक घड्याळ किंचित निराळ्या काळातून आलेले होते.

वर्गात हे शिकवताना मी मुलांना नेहमी गावातलेच उदाहरण देत असे. इंदूरच्या एका टोकाला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. गावात त्याला अजूनही जुन्या नावाने कॅटच म्हणतात. तिथल्या इंडस-२ या यंत्रात १७२.५ मीटर घेराच्या नळीत इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात, एका सेकंदात सतरा लाखांहून अधिक फेऱ्या. त्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनचा काळ आपल्यापेक्षा सुमारे ४,८९० पटींनी मंद चालतो, म्हणजे त्याचा एक सेकंद होतो तेव्हा आपला एक तास आणि वर एकवीस मिनिटे गेलेली असतात. मग मी मुलांना गणित घालत असे, की मुंबईचे विमान त्या वेगाने आले आणि आतल्या प्रवाशांचा एक तास गेला, तर खाली किती काळ गेला? उत्तर येते सुमारे दोनशे चार दिवस. दिवाळीला निघालेला माणूस वैशाखात उतरेल, त्याच्या पिशवीतला फराळ मात्र ताजा असेल. (तेवढ्यात विमान सूर्यमालेच्या बाहेर कितीतरी लांब गेलेले असेल आणि इंदूरचा प्रश्नच उरणार नाही, हे हुशार मुले लगेच दाखवून देत, त्यांना मी पूर्ण गुण देत असे.) मागे जाण्याचे मात्र असे कोणतेही यंत्र कोणाला सापडलेले नाही. महेश्वरचे दिवे दादाला तसेच सोडून द्यावे लागतील.

गेल्या महिन्यात भाच्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एक चित्रफीत पाठवली आणि मला विचारले, की मामा, हे खरे आहे का. १९५५ साली न्यूयॉर्कहून मायामीला ५७ प्रवासी घेऊन निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान नाहीसे झाले आणि कित्येक वर्षांनी व्हेनेझुएलात काराकासला उतरले, वैमानिकाला साल कळताच घाबरून त्याने पुन्हा उड्डाण केले, आणि जाताना त्याच्या हातून १९५५ चे एक लहानसे कॅलेंडर धावपट्टीवर पडले. ही गोष्ट खोटी आहे. अमेरिकेतल्या वीकली वर्ल्ड न्यूज नावाच्या, असल्याच बनावट बातम्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या साप्ताहिकाने ती १९८५ मध्ये छापली आणि पुढे पुन्हा पुन्हा छापली. विमान किती वर्षांनी उतरले याचा आकडाही दर वेळी एक नसतो. पण ते कॅलेंडर ज्याने कोणी घातले, त्याला गोष्ट सांगता येत होती, एवढे मान्य केले पाहिजे.

खरे विमान हरवते तेव्हा ते असे कॅलेंडर टाकून परत जात नाही. ८ मार्च २०१४ च्या पहाटे मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह रडारवरून नाहीसे झाले. त्यानंतरही जवळजवळ सात तास ते एका उपग्रहाशी साधारण तासातासाने, आपोआप, एक शब्दही न बोलता, हजेरी लावत राहिले; शेवटची खूण सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची आहे. त्या खुणा पोहोचायला लागलेल्या सूक्ष्म विलंबावरून तज्ज्ञांनी विमान उपग्रहापासून किती अंतरावर होते ते काढले आणि हिंदी महासागरावर एक कमान आखली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पंखाचा एक तुकडा रियुनियन बेटावर लागला. त्या माणसांचे नातेवाईक ज्या खोल्यांमध्ये थांबले होते त्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला आजीचा प्रश्न आठवला होता आणि गोष्टी या बाजूने का सांगितल्या जात नाहीत, याचे थोडे कारणही समजले होते. त्या बाजूने सांगायला लागले तर साहसकथा होत नाही.

तरीही, काळात हरवून पुन्हा आलेले विमान म्हणून मला एकाचेच नाव घ्यावेसे वाटते, आणि ते मुंबईहूनच निघालेले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा नावाचे बोइंग ७०७, मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा करत लंडनला जाणारे, २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी आल्प्समध्ये माँ ब्लांच्या माथ्याजवळ आदळले. पर्वत आपण मागे टाकला आहे, असे समजून ते खाली येत होते. ११७ माणसे गेली. त्यांत होमी भाभा होते, व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले. त्याच पर्वतावर त्याच विमान कंपनीचे मलबार प्रिन्सेस हे विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी पडले होते. आणि मग त्या उंचीवरच्या बर्फाने जे आत घेतले होते ते बॉसाँ हिमनदी हळूहळू खाली आणू लागली. हिमनदी ही नदीच आहे, फक्त तिचा वेग आपल्या डोळ्यांना दिसत नाही. २०१२ मध्ये तिने भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची एक थैली आणून दिली. तिच्यात वर्तमानपत्रे होती आणि एअर इंडियाची कॅलेंडरे होती. त्या खोट्या विमानाने टाकलेले कॅलेंडर आणि ही खरी कॅलेंडरे यांच्यामध्ये मी बराच वेळ घुटमळलो. ही कॅलेंडरे १९६६ ची असणार, आणि १९६६ चे वार नि तारखा २०११ शी तंतोतंत जुळतात. हिमनदीने वर्ष-दीड वर्ष लगबग केली असती तर ती भिंतीवर लावता आली असती. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणिक आणि नीलम यांची पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत नेऊन दिली, आणि २०२१ मध्ये निम्मे खडे त्याला व निम्मे पर्वताच्या पायथ्याच्या शामोनी गावाला मिळाले.

पण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही ती २०२० च्या जुलैतली बातमी. त्या हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या एका तरुणाला बर्फातून वर आलेली, जानेवारी १९६६ ची डझनभर भारतीय वर्तमानपत्रे सापडली. त्याने ती उन्हात वाळवली. अक्षरे शाबूत होती. पहिल्या पानावर मथळा होता, की इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार. त्यांनी शपथ घेतली तो दिवसही २४ जानेवारीच होता. कागदाला त्यातले काहीच माहीत नव्हते. ना शपथविधी, ना आणीबाणी, ना रायबरेली, ना १९८४. चौपन्न वर्षे वाटेत राहून तो अंक आला होता आणि एकदम ताजी बातमी सांगत होता. आजोबा असते तर त्यांनी तो क्रमाने लावायला मागितला असता.

दादाने आता साठी ओलांडली आहे नि तो पुन्हा इंदूरला येऊन राहिला आहे. पुण्याची मावसबहीण आमच्याकडे येते तेव्हा आमच्या मराठीला हसते. आम्ही कपाटाला फडताळ म्हणतो, झोपायला नव्हे तर निजायला जातो, आणि मधेच, लाइट येऊन राहिली आहे, असेही म्हणतो, ज्यातला निम्मा शब्दसंग्रह अठराव्या शतकात होळकरांच्या फौजेबरोबर आलेला आहे आणि निम्मा कालच बाजारातून उचललेला आहे. ती म्हणते, की तुम्ही लोक कुठल्या काळात राहता. दादा तिला सांगतो, की वैशाखात. ती अर्थातच समजत नाही. विमान कुठे उतरले, हे मी त्याला अनेकदा विचारले आहे. १९८१ नंतर त्याने ती गोष्ट सांगितली नाही, आणि न सांगण्याचे कारण आम्हा दोघांनाही ठाऊक असल्यामुळे मी आता विचारत नाही. अकरा नंबरच्या जागेवरचे गृहस्थ आत होते आणि विमान उतरवायचे तर त्यांनाही उतरवावे लागले असते.

आजोबा १९८१ च्या जानेवारीत गेले, एका गुरुवारी. तेव्हा शेवटचा फोडलेला अंक सोमवारचा होता, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ते सोमवारीच गेले. दिवस उरकल्यावर बाबांनी वर्तमानपत्र बंद करण्याचे पत्र लिहायला घेतले, तेव्हा आजी म्हणाली, "लिही, पण वाटेत असलेले अंक येऊ देत." ते तोवर आलेलेच होते. सुतकाच्या गडबडीत कोणी पाहिले नव्हते; पट्ट्या न फोडलेले आठ-नऊ अंक ओसरीवरच्या बाकाखाली कोणीतरी सरकवून ठेवले होते. आजीने ते पदराने पुसून पाटावर घेतले. त्या घरात आल्यापासून आजोबांच्या आधी तिने एकही अंक उघडला नव्हता. तिने मंगळवारचा आणि बुधवारचा अंक तसाच फडताळात ठेवला. गुरुवारचा हातात घेऊन तिने आजोबांचा चष्मा लावला, पट्टी नखाने उकलली, आणि दादाला म्हणाली, "त्या दिवशी आणखी काय काय झालं ते तरी बघू." मग ती पहिल्या पानापासून वाचायला बसली, छोट्या जाहिरातींसकट, आणि दिवेलागणीपर्यंत कोणीही तिला हाक मारली नाही.